उचल आणि मत

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधार नांवाचें क्षेत्र आहे. धबधब्याच्या सान्निध्यांत वीरशैव संतकवि मन्मथस्वामी यांची समाधि असून कार्तिकी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. परंतु ज्या दिवसांत यात्रेकरू या डोंगरांत येतात, त्याच दिवसांत डोंगरांतील हजारों कुटुंबें घराला कुलूप लावून बाहेर पडतात. दिवाळी सरली कीं भांडीकुंडीं, शेळ्या, तान्हीं मुलें असा सारा संसार गाडींत घालून हे लोक पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडावयास जातात. २०२४ सालीं कार्तिकी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला आली. ऊस गाळण्याचा हंगामही त्याच दिवसापासून सुरू व्हावयाचा होता, आणि विधानसभेचें मतदान होतें २० नोव्हेंबरला. फडांत गेलेल्या मजुरानें मत देण्यासाठीं गांवीं परत यावें, तर गाडीभाडें कोणीं द्यावें? बुडालेली मजुरी कोणीं भरून द्यावी? जो देईल त्याचें मिंधेपण मतावर येणार नाहीं काय? या साध्या प्रश्नांमागें या जिल्ह्याच्या राजकीय निष्ठेचा मोठा इतिहास उभा आहे.

शहरांतील श्रोत्यांस कदाचित् ठाऊक नसेल कीं, या धंद्यांत ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. पावसाळ्यांतच मुकादम प्रत्येक कोयत्यास आगाऊ रक्कम देतो. तिला ‘उचल’ हें नांव आहे. ती लग्नांत, दवाखान्यांत, जुन्या देण्यांत खर्च होते आणि पुढें हंगामभर ऊस तोडून फेडावी लागते. फिटली नाहीं तर बाकी पुढील सालावर चढते. हाच मुकादम गांवांत वजनदार माणूस असतो. तहसील कचेरींत अर्ज पोंचविणें, रेशनकार्डासाठीं शब्द टाकणें, आजाऱ्यासाठीं गाडी मिळविणें हीं कामें त्याच्यामार्फत होतात, आणि निवडणुकींत त्याची टोळी कोणीकडे जाणार याची चौकशी पुढारीही त्याच्याकडेच करतात.

ही रीत एका दिवसांत पडलेली नाहीं. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यांत होतें. सरकारदरबारीं जावयाचें तर पाटील, देशमुख किंवा जहागीरदार मध्यें घालावा लागे. जहागिऱ्या १९४९ सालीं गेल्या. परंतु मध्यस्थाची गरज गेली नाहीं. पाऊस थोडा, जमीन हलकी, पाटाचें पाणी नाहीं. उलट १९५० नंतर प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखाने वाढत गेले आणि त्यांना तोडणीची माणसें हवीं होतीं. १९७२ च्या दुष्काळानें राहिलीं साहिलीं घरेंही या वाटेला लावलीं.

अशा स्थितींत येथील मतदार सत्ताधाऱ्यांचा आज्ञाधारक असेल असें कोणासही वाटेल. इतिहास मात्र निराळेंच सांगतो. १९५२ सालीं हैदराबाद राज्यांत कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्यामुळें डावी मंडळी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नांवानें उभी राहिली, आणि बीडनें त्या फ्रंटचे रामचंद्र परांजपे यांस लोकसभेंत धाडलें. १९६७ सालीं जिल्हा परिषदा व सहकारी संस्था बहुतेक काँग्रेसच्या हातीं असतांना, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील हे बाहेरचे गृहस्थ कम्युनिस्ट पक्षातर्फे येथून निवडून आले. १९७७ सालीं मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे विजयी झाले. परंतु हे विजय टिकले नाहींत. १९७१ व १९८० सालीं जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. रागाच्या भरांत मत देतां येतें. पण दुसऱ्या दिवशीं काम मागावयास मुकादमाच्याच दारीं जावें लागतें.

पुढें निष्ठेनें निराळें रूप घेतलें. ऊसतोड मजुरांचे पुढारी बबनराव ढाकणे १९८९ सालीं जनता दलातर्फे बीडमधून लोकसभेंत गेले. त्याहून मोठी पकड बसली ती परळीजवळच्या नाथ्रा गांवच्या गोपीनाथ मुंडे यांची. तोडणीचा दर वाढवून घेण्याच्या वाटाघाटींत मजुरांच्या बाजूनें त्यांचा शब्द चाले. १९९५ सालीं ते उपमुख्यमंत्री झाले, तेव्हां डोंगरांतील माणसाला आपलाच माणूस गादीवर बसल्यासारखें वाटलें. तो अभिमान खोटा नव्हता. पण मजुरांचे हे कैवारी स्वतः वैद्यनाथ साखर कारखान्याचे संस्थापक होते. दर मागणारा व दर देणारा एकाच वाड्यांत नांदूं लागला, कीं मजुरानें तक्रार घेऊन जावें कोणाकडे?

येथें दूरच्या एका मुलुखाकडे पाहणें उपयोगी आहे. दक्षिण वेल्समधील कोळसा खाणींच्या खोऱ्यांत मजूर पक्षावरील निष्ठा अशीच पिढीजात. १९२२ पासून पुढील शंभर वर्षें ब्रिटिश पार्लमेंटच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकींत वेल्समधील सर्वांत अधिक जागा त्या पक्षानें जिंकल्या. परंतु तिचें मूळ निराळें होतें. ट्रेडेगर गांवच्या कामगारांनीं आपल्याच पगारांतून वर्गणी कापून वैद्यकीय मदतीची संस्था चालविली होती. त्याच गांवचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाला, आणि १९४८ सालीं त्यानें तशी सोय साऱ्या ब्रिटनला करून दिली. तेथेंही पुढें पालिकेची नोकरी पक्षाच्या ओळखीनें मिळते अशी कुरकुर ऐकूं येऊं लागली. तरी १९७० सालीं पक्षानें वृद्ध एस. ओ. डेव्हिस यांना उमेदवारी नाकारली, तेव्हां मर्थर टिडफिलच्या मतदारांनीं पक्ष बाजूस ठेवून डेव्हिस यांनाच निवडून दिलें. स्वतःच्या वर्गणीवर उभी राहिलेली निष्ठा प्रसंगीं मान वर करूं शकते. उचलीवर उभी राहिलेलीला ती वर करणें महाग पडतें.

बीडच्या मजुराची अशी स्वतःची संस्था उभी राहिली नाहीं, आणि त्याची किंमत घरांतल्या बाईनें मोजली. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होतात असा बोभाटा झाल्यावर २०१९ सालीं सरकारनें चौकशीसाठीं समिति नेमली. पुढें कल्याणकारी महामंडळास गोपीनाथ मुंडे यांचें, तर मुलांच्या वसतिगृहांच्या योजनेस संत भगवानबाबांचें नांव देण्यांत आलें. नांवें आदराचीं आहेत. परंतु हक्काच्या वस्तूला दात्याचें नांव लागलें, कीं घेणाऱ्याला ती कृपाच वाटूं लागते.

मतपेटीनें या डोंगरांतील माणसाला सत्ताधारी बदलण्याची संधि अनेकदां दिली आणि त्यानें ती घेतलीही. मात्र त्याच्या हिशेबाची वही अजून मुकादमाच्याच खिशांत आहे. ती वही ज्या दिवशीं त्याच्या स्वतःच्या हातीं येईल, त्या दिवशीं मतदानासाठीं गांवीं परतण्याचें गाडीभाडें त्याला कोणाकडेही मागावें लागणार नाहीं.