काळी एकचा पंखा

शिरवळच्या माणसाने इतिहासावर लिहायला घेतलं, की वाचक आधीच सावरून बसतो. आता सुभानमंगळ येणार, १६४८ साल येणार, नीरेच्या काठी मावळे आणि आदिलशाही फौज समोरासमोर येणार. वाचकाचं काही चुकत नाही. गढीचं आता फारसं काही उरलेलं नसलं तरी तिचा अभिमान आम्ही सगळाच्या सगळा जपून ठेवला आहे. पण आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे, त्यात तलवारीची पाती नाहीत. पंख्याची आहेत. त्यातही छताच्या पंख्याची नव्हेत, कॉम्प्युटरच्या डब्यात बसवायच्या पंख्याची. हसू नका. या पंख्याने आमच्या घरात सहा महिने जे राजकारण घडवलं, त्याला बखर अपुरी पडेल.

ज्या डब्याला आपण सगळे बिनदिक्कत 'सीपीयू' म्हणतो, तो सीपीयू नव्हेच. खरा सीपीयू आत कुठेतरी पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा बसलेला असतो. डब्याचं खरं नाव कॅबिनेट. आणि कॅबिनेट म्हटलं, की आत गरम हवा साठणार हे ओघानेच आलं. आमचे चिरंजीव घरी बसून कारखान्यांसाठी यंत्रांच्या भागांची चित्रं काढतात. ही चित्रं गरागरा फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येतात. पण ती तयार करताना आतली चिप अशी तापते की विचारू नका. शंभर अंशांच्या आसपास पोचली, की ती स्वतःला वाचवण्यासाठी काम मंद करते. मे महिन्यात कचेऱ्यांतून दुपारी तीन वाजता हेच होतं, फक्त तिथे त्याला तांत्रिक कारण नसतं. काम मंद झालं, की चित्र वेळेवर जात नाही आणि पैसेही वेळेवर येत नाहीत. तेव्हा पंखे हवेत, आणि भरपूर वाऱ्याचे हवेत, असं ठरलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पंखा थंडावा निर्माण करत नाही. तो गरम हवेची फक्त बदली करतो. बाहेरची हवाच अडतीस अंशांची असेल, तर आतल्या चिपला त्याहून गार कुठलाच पंखा करू शकत नाही. आणि एप्रिल लागला की शिरवळात बाहेरची हवा म्हणजे काय असते, ते हायवेवर टायर बदलत उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

गरम हवेच्या बदलीचे प्रयत्न फार जुने. आमच्या गावाजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्या भिक्षूंनी हा प्रश्न मुळातच सोडवला. जाडजूड दगडाच्या पोटातच राहायला गेले. बाहेर कितीही ऊन असो, आत गारवा, आणि आवाज शून्य. पण तिथे विजेची जोडणी मिळत नाही, असं चिरंजीवांचं म्हणणं. त्यानंतर आपल्याकडे आला विंझणा. वाळ्याचा असेल तर वाऱ्याला सुवासही. त्याचा आवाज म्हणाल तर वारा घालणारीच्या बांगड्यांचा, आणि त्याबद्दल तक्रार केल्याचं कुठल्या काव्यातही आढळत नाही.

साहेब आला आणि वाऱ्याचं खातं मोठं झालं. छताला लांबलचक झालरीचा पंखा टांगायचा, त्याची दोरी भिंतीतून बाहेर न्यायची, आणि व्हरांड्यात एक माणूस ती दोरी दिवसभर ओढत बसवायचा. ही व्यवस्था अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं टिकली. यातली खुबी बघा. वारा आत, दमणूक बाहेर. पंखेवाल्याचा डोळा लागला तर साहेब उठून लाथा घाली. अशा मारहाणीत माणसं दगावली आणि खटले कोर्टात गेले. आणि त्या कोर्टातही न्यायाधीशाच्या डोक्यावर तसाच पंखा हलत असे. 'आवाज न करणारा पंखा' अशी जाहिरात आज वाचली, की मला तो व्हरांड्यातला माणूस आठवतो. तोही आवाज करत नसे.

एवढ्यानेही भागेना तेव्हा सरकारने दुसरी युक्ती काढली. हवा बदलण्याऐवजी कॅबिनेटच उचलून गार हवेत नेऊन ठेवायचं. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वर वसवायला घेतलं आणि पुढे उन्हाळा आला, की मुंबई इलाख्याचं सरकार तिकडे जाऊन बसू लागलं. आजही पुण्याहून महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या शिरवळवरूनच जातात. आम्ही शिरवळकर त्यांच्याकडे बघत घाम पुसतो.

पण आमच्या डब्यातल्या पंख्याचा खरा पूर्वज म्हणजे १८३० नंतर उत्तर हिंदुस्थानात साहेबाच्या बंगल्यांतून दिसू लागलेलं 'थर्मँटिडोट' नावाचं धूड. थर्मँटिडोट म्हणजे उष्म्यावरचा उतारा. धान्य उफणायच्या यंत्रासारखा लाकडी पेटारा, आत फिरती पाती, बाजूला वाळ्याच्या ओल्या तट्ट्या. तो खिडकीला बसवायचा आणि नोकराने दांडा फिरवायचा. पेटी, पाती, हवा आत घेण्याची वाट आणि बाहेर सोडण्याची वाट. सगळं तेच. फक्त कॉम्प्युटर यायचा बाकी होता.

याच विद्येत आपल्या सातारा जिल्ह्याने एक फार मोठी गोष्ट केली आहे, आणि ती आपण साफ विसरलो आहोत. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. कुठे माळ्यावर असला तर असा कंदील काढून बघा. दोन्ही बाजूंच्या नळ्या केवळ धरायला नाहीत, त्या हवेच्या वाटा आहेत. गरम हवा वर जाते, वाऱ्याचा झोत थेट ज्योतीवर येत नाही, आणि ज्योतीला लागेल तेवढी हवा नळ्यांतून येत राहते. पंखा नाही, वीज नाही, आवाज नाही. त्या कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून माणसं कलेक्टर झाली. चिरंजीवांना मी हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "बाबा, कंदील चारशे वॉट खात नाही."

आता कॉम्प्युटर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्याकडच्यांनीच बांधलेलं एक गणकयंत्र चालू झालं. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, 'टिफ्रॅक'. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत चार-पाच नळ्या असत तरी त्यावर मांजर ऊब घेत बसे, यावरून हिशेब करा. अशा यंत्रांना वेगळी खोली, वेगळी गार हवा आणि वेगळा मान. हा मान पुढे बरीच वर्षं टिकला. मी नोकरी केली त्या बँकेत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या खोलीला एअर कंडिशनर बसला आणि दारावर पाटी लागली, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. आम्ही बाहेर घरघरणाऱ्या पंख्याखाली, उडणाऱ्या कागदांवर पेपरवेट ठेवत खातेदारांशी बोलत होतो आणि आत यंत्र गाभाऱ्यात बसलं होतं. मे महिन्यात दर्शनाला जाणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढे. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. त्याची काय घरघर असेल ती काचेच्या दाराआड राही.

तो गाभाऱ्यातून उठून आपल्या टेबलावर आला आणि घोटाळा झाला. १९८१ च्या आयबीएम पीसीत विजेच्या पेटीला एक पंखा होता. चिपा मात्र तेव्हा उघड्याबोडक्या बसत. १९९३ साली पेंटियम आली आणि तापटपणात अशी पुढे गेली, की तिच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा ठेवावा लागला. राजाला छत्र-चामर मिळालं म्हणा ना. मध्यंतरी पंख्याशिवाय भागवण्याचा एक थोर प्रयत्नही झाला. १९८० साली अॅपल कंपनीने आपल्या तिसऱ्या यंत्रात पंखाच ठेवला नाही, कारण आवाज नको. यंत्रं तापली, आतल्या चिपा जागेवरून सुटू लागल्या, आणि यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा म्हणजे त्या जागेवर बसतील, असा सल्ला ग्राहकांना दिला गेला, असं सांगतात. म्हणजे पंख्याचा आवाज टाळला, आपटण्याचा पत्करला.

आमच्याकडे तीन पंखे आले. खोक्यावर लिहिलेला वारा वाचूनच अंगावर शिरशिरी आली. पण हे आकडे पंख्यापुढे काहीही नसताना मोजलेले असतात. समोर जाळी आली, धुळीची गाळणी आली, की तोच पंखा दम लागल्यासारखा घुसमटतो. मग चिरंजीव त्याचा वेग वाढवतात, आणि इथे निसर्गाचा सावकारी हिशेब सुरू होतो. वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट मिळतो. वीज मात्र आठपट लागते आणि आवाज साधारण पंधरा डेसिबलने चढतो, म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट वाटतो. कायद्याने दाद मागावी, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीला रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि आमचा पंखा ओरडून ओरडून चाळिशीच्या आत. कायद्याच्या दृष्टीने तो सज्जनच ठरला.

माझी स्वतःची फारशी तक्रार नव्हती. हायवेच्या काठी आयुष्य काढलेला माणूस मी. खंबाटकीकडे निघालेले ट्रक रात्रभर घरावरून गेल्यासारखे जातात आणि मी गाढ झोपतो. सलग आवाज कानाला घरचा होतो. छळतो तो बदलणारा. आणि हा पंखा बदलत होता. चिप तापली की वर, निवली की खाली.

या बदलाचा शोध लावला आप्पांनी. आप्पा म्हणजे आमचे वडील, वय ८६. संध्याकाळी दिवेलागणीला पेटी घेऊन मधल्या खोलीत भजन म्हणतात. कॉम्प्युटरही मधल्याच खोलीत, कारण चौथी खोली नाही. एकदा अभंगाच्या मध्येच थांबून म्हणाले, "हा तुझा पंखा काळी एकमध्ये आहे."

मला वाटलं, वयोमानाने काहीतरी बोलले. चिरंजीवांनी मात्र कागद घेतला. पंख्याला पाती सात, मिनिटाला फेरे १२००, म्हणजे सेकंदाला वीस. विसासाती एकशे चाळीस. सेकंदाला १४० कंपनं म्हणजे काळी एकच्या अगदी लगतचा सूर! पुढे तर गंमतच झाली. चिप तापून फेरे १५०० झाले, की शुद्ध गंधार लागे. १८०० झाले, की पंचम. म्हणजे आमचं यंत्र कामाच्या भरात सा-ग-प आळवत होतं. तीन पंख्यांचा वेग किंचित मागेपुढे झाला, की न जुळलेल्या तानपुऱ्यासारखी त्यांची 'वांव-वांव' सुरू होई. तेवढ्यावर मात्र आप्पा चिडत. "गायचं असेल तर नीट जुळवून घे म्हणावं."

आम्ही आठ दिवस हे येईल-जाईल त्याला सांगून हसत होतो. सौ. हसत नव्हती. एका रात्री जेवणं झाल्यावर ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

"अहो, आप्पा हल्ली सगळ्याला हो-हो म्हणतात, लक्षात आलंय का तुमच्या?"

"वयच आहे त्यांचं."

"वय नाही. त्यांना ऐकू येत नाही तो पंखा चालू असला की. काल विचारलं, रक्तदाबाची गोळी घेतलीत का. हो-हो म्हणाले. गोळी डबीत तशीच आहे. परवाचीही."

उतारवयात कान आधी वरचे सूर सोडतात. स, श, त, क ही व्यंजनं तिथेच असतात, आणि बोलण्याचा अर्थ बराचसा त्यांच्यावर उभा असतो. आणि पंख्याच्या हवेचा तो 'शूऽऽ' नेमका त्याच जागेवर येऊन बसतो. पेटीचा षड्ज आप्पांना स्वच्छ ऐकू येत होता. सुनेचं बोलणं येत नव्हतं. विचारायचा संकोच, म्हणून हो-हो. दोन महिने ते आमच्यात बसून एकटे होते आणि आम्ही काळी एकवर विनोद करत होतो.

चिरंजीवांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. रविवारी डबा उघडून बसले. पुढचं पातळ फटींचं शोभेचं झाकण काढून मोठ्या भोकांची जाळी आली. १२० मिलिमीटरचे तीन पंखे जाऊन १४० मिलिमीटरचे तीन आले. मोठी पाती सावकाश फिरली तरी तेवढाच वारा देतात. म्हातारा बैल आणि मोठा नांगर, असं मी म्हणालो, पण कोणी लक्ष दिलं नाही. पंखे स्क्रूऐवजी रबरी खुंट्यांवर बसले, म्हणजे त्यांची थरथर पत्र्याला लागत नाही. डबा भिंतीपासून वीतभर पुढे सरकला. आणि मुख्य म्हणजे वेग बांधून टाकला. चिप जरा तापली तर तापू दे, पण पंख्याने वर-खाली करायचं नाही. सातशे फेरे म्हणजे सातशे. धुळीची गाळणी दर रविवारी धुण्याचं खातं माझ्याकडे आलं. गाळणीतून दर आठवड्याला निघते ती माती बघता, पुणे-बंगळूर रस्त्याचा थोडा थोडा भाग आमच्या घरात येत असावा.

चिप पूर्वीपेक्षा सहा-सात अंश गरम असते. मोठं चित्र असलं की अर्धा तास जास्त लागतो. चिरंजीव ते चित्र आता रात्रीऐवजी पहाटे लावतात, कारण पहाटे नीरेकडून हवा गार येते. आणि आप्पांनी परवा सौ.ला, "आमटीत मीठ जास्त आहे का, असं काय विचारतेस? आहेच!" असं ठणकावून सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमटीमुळे नव्हे.

नवे पंखे बसल्यावर पहिल्याच संध्याकाळी आप्पा डब्याजवळ गेले. पत्र्यावर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "आता पांढरी तीन झाली. पण खर्जात आहे."

"त्रास होतोय का?" मी विचारलं.

"त्रास नाही. पण माझा सा काळी एक. शंभरेक फेरे कमी होतात का विचार त्याला."

चिरंजीवांनी हिशेब केला. सहाशे फेरे, सात पाती, सेकंदाला सत्तर कंपनं. बरोबर, खर्जातला काळी एक. तेव्हापासून संध्याकाळी सात ते आठ पंखे सहाशेवर असतात. उन्हाळ्यात मात्र यंत्राला ते झेपत नाही, सातशेच ठेवावे लागतात. एप्रिल-मे आप्पा पांढरी तीनमध्ये गातात.