आशा पुथली

आशा पुथली (जन्म : ४ फेब्रुवारी १९४५, मुंबई) या भारतात जन्मलेल्या जॅझ, सोल व पॉप गायिका आहेत. ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बममधील दोन गीते, १९७३ मध्ये सीबीएस कंपनीने काढलेला ‘आशा पुथली’ हा पहिला एकल अल्बम आणि १९७६ मधील ‘स्पेस टॉक’ हे गीत यांमुळे त्या ओळखल्या जातात.

पार्श्वभूमी

मुंबईत जॅझ रुजले ते प्रामुख्याने हॉटेलांच्या नृत्यगृहांतून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि पुढे चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनी ही परंपरा चालवली. त्यांच्यापैकी अनेक जण दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवत असत. पुथली यांचे तारुण्य याच शहरात गेले. त्यांनी लहानपणी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत आणि पाश्चात्त्य ऑपेरा गायन या दोहोंचे शिक्षण घेतले. जॅझ मात्र त्यांना रेडिओवरून भेटले. लेखक वेद मेहता यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ (१९७०) या ग्रंथात मुंबईतील जॅझविषयी लिहिताना त्यांची दखल घेतली.

काही काळ ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरी म्हणून काम केल्यानंतर मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळवून त्या न्यूयॉर्कला गेल्या. बिली हॉलिडे व बॉब डिलन यांना पुढे आणणारे निर्माते जॉन हॅमंड यांच्यामार्फत त्यांचा कोलंबिया (सीबीएस) कंपनीशी संबंध आला. जेम्स आयव्हरी दिग्दर्शित ‘सॅव्हेजेस’ (१९७२) या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली.

सायन्स फिक्शन

सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये आठ रचना आहेत. त्यांपैकी पहिली ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि सहावी ‘ऑल माय लाइफ’ पुथली यांनी गायिली आहे. दोन्हींचे रचनाकार स्वतः कोलमन होते. कोलमन मुक्त जॅझचे प्रणेते मानले जातात. या शैलीत ठरावीक स्वरसंगतींची चौकट वादकाला बांधून ठेवत नाही, त्यामुळे गायकाला आधाराची ओळखीची जागा सापडत नाही. ड्यूई रेडमन यांचा सॅक्सोफोन, चार्ली हेडन यांचा बास, दोन ट्रम्पेट आणि बिली हिगिन्स व एड ब्लॅकवेल या दोघांचे ड्रम एकाच वेळी चालू असताना स्वर लांबवत नेणे हे येथील आव्हान होते. रागसंगीतात स्वरसंगतींचा आधार मुळातच नसतो. एका षड्जाच्या भरवशावर आलाप करण्याची सवय असलेला गळा येथे उपयोगी पडला, असे ही गीते ऐकताना जाणवते. यांतील गायन भारतीय रंगाचे नाही. ना सरगम, ना सतार. शिक्षणाचा ठसा दिसतो तो मींडेत आणि श्वासाच्या नियंत्रणात. या गायनाची अमेरिकन जॅझ समीक्षकांनी प्रशंसा केली.

‘आशा पुथली’ (१९७३)

हा अल्बम डेल न्यूमन यांच्या निर्मितीत तयार झाला. जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणजे सर्वांना ठाऊक असलेले, प्रत्येक कलावंताने आपल्या पद्धतीने मांडायचे गीत. बंदिश एकच असली तरी गायकागणिक तिचे रूप पालटते, तसाच हा प्रकार आहे. रूढ स्टँडर्ड गीते बहुधा १९२० ते १९५० या काळातील रंगभूमी व चित्रपटांतून आलेली असतात. पुथली यांनी हीच रीत ताज्या गीतांना लावली : जॉर्ज हॅरिसन यांचे ‘आय डिग लव्ह’, जे. जे. केल यांची ‘राइट डाउन हियर’ व ‘लाइज’, बिल विदर्स यांचे ‘लेट मी इन युअर लाइफ’ आणि जिम वेदरली यांचे ‘नायदर वन ऑफ अस’. ही गीते मूळ स्वरूपात बाजारात येऊन जेमतेम एक ते तीन वर्षे झाली होती. केल यांचे संथ, धुळकट गाणे त्यांच्याकडे कुजबुजीच्या पट्टीत येते, तर हॅरिसन यांच्या गीताला खट्याळ, शृंगारिक वळण मिळते. त्यामुळे हा अल्बम जॅझच्या खणात ठेवावा की पॉपच्या, हा प्रश्न कायम राहिला.

पुढील वाटचाल

‘शी लव्ह्ज टू हियर द म्युझिक’ (१९७४) नंतर आलेल्या ‘द डेव्हिल इज लूज’ (१९७६) मध्ये डिस्कोचा प्रभाव स्पष्ट आहे. त्यातील ‘स्पेस टॉक’ हे गीत न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो यांच्या ‘द लॉफ्ट’ या नृत्यमेळ्यांत वाजू लागले. १९९७ मध्ये द नोटोरियस बी.आय.जी. यांच्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ या अल्बममधील एका गीतात त्याचा नमुना वापरला गेला. मूळ गीत क्वचितच ऐकलेल्या पिढीच्या कानी ते अशा तुकड्यांतून पोहोचले. संग्राहकांनी जुन्या तबकड्या शोधण्यास सुरुवात केली ती त्यानंतर.

ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुथली यांचा जाहीर कार्यक्रम झाला. ‘सायन्स फिक्शन’मधील त्यांचे सहवादक ड्यूई रेडमन त्यात सहभागी झाले होते, पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये मिस्टर बोंगो या ब्रिटिश कंपनीने पुथली यांच्या निवडक गीतांचा ‘द इसेन्शियल आशा पुथली’ हा संग्रह प्रसिद्ध केला.