आधी कोणी लिहिलंय हे?

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीत चहाच्या वेळी हा प्रश्न हमखास कानी पडतो. नवा प्रोजेक्ट गळ्यात पडलेला असतो, जुना कोड उघडलेला असतो आणि तो लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला असतो. मग एक जण चारशे ओळींच्या एका फंक्शनचं वर्णन करतो. दुसरा ‘हे तर काहीच नाही’ म्हणत आपला किस्सा सुरू करतो, आणि तिसऱ्याकडे त्याहून भयंकर काहीतरी असतंच. बाहेरच्याला ही नुसती कुरकुर वाटेल. मला ती या धंद्याची तोंडी बखर वाटते. कुठे हात घालू नये, कुठला भाग कशामुळे असा वेडावाकडा झाला, हे डॉक्युमेंटात सहसा सापडत नाही. ते या किश्श्यांतूनच पुढच्यापर्यंत पोचतं.

अगदी सुरुवातीला या तक्रारीला जागाच नव्हती. जो यंत्र बांधणार तोच किंवा त्याचा शेजारी प्रोग्राम लिहिणार आणि काम झालं की बाजूला ठेवणार, असा मामला होता. केंब्रिजला एडसॅक हे यंत्र १९४९ मध्ये सुरू झालं. उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे ते यंत्र बांधणाऱ्या मॉरिस विल्क्सना तेव्हाच उमगलं होतं. पण त्या चुका त्यांच्या स्वतःच्या होत्या. दुसऱ्याचं लिखाण वाचायची वेळ आली ती एकाच बनावटीची यंत्रं अनेकांच्या हाती गेल्यावर. १९५५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या आयबीएम ७०४ वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाची संघटना काढली आणि प्रोग्रामची देवाणघेवाण सुरू केली. पुढे १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रांची मालिका आणली. एका मॉडेलवर लिहिलेला प्रोग्राम मालिकेतल्या दुसऱ्या मॉडेलवरही चालेल, हे तिचं वचन होतं. कुरकुरीचा खरा जन्म मी इथे धरतो. यंत्र बदललं तरी प्रोग्राम टिकू लागला, म्हणजेच लिहिणाऱ्याच्या नोकरीपेक्षा त्याच्या कोडचं आयुष्य वाढलं.

जुलै १९६९ मध्ये जे चांद्रयान चंद्रावर उतरलं, त्याच्या संगणकाचा प्रोग्राम एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत लिहिला गेला. उड्डाणाच्या सॉफ्टवेअरच्या गटाची धुरा मार्गारेट हॅमिल्टन यांच्याकडे होती. या प्रोग्रामची कागदी लिस्टिंग सुदैवाने जपली गेली. हौशी मंडळींनी ती टाइप करून काढली आणि २०१६ मध्ये गिटहबवर आल्यावर जगभरच्या प्रोग्रामरांनी तिच्यावर उडी घेतली. उतरण्याची दिशा सांभाळणाऱ्या समीकरणांच्या भागात लागोपाठ दोन ओळींसमोर कॉमेंट आहे. तिचा मथितार्थ असा : हे तात्पुरतं आहे, अशी आशा करतो, आशा करतो, आशा करतो. त्याच फाइलमध्ये एका आकड्यासमोर ‘गूढ आकडा’ अशा अर्थाची थट्टेखोर स्पॅनिश नोंद आहे. दुसऱ्या एका ठिकाणी रडारचा अँटेना जागेवर नसेल तर ते खुळं यंत्र जरा फिरवा, अशी अंतराळवीराला विनंती आहे. त्याने होकार दिल्यावरच्या ओळीसमोर, तो थापा तर मारत नाही ना ते बघ, अशी नोंद आहे. या नोंदी संगणकाला दिसतच नाहीत. त्या फक्त पुढच्या वाचणाऱ्यासाठी असतात. तात्पुरत्या म्हणून घातलेल्या ओळी तशाच चंद्रापर्यंत गेल्या, ही गोष्ट कुठल्याही सपोर्ट प्रोजेक्टवर काम केलेल्या माणसाला परकी वाटणार नाही.

चंद्रावर उतरण्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९६८ मध्ये, संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांचं गो-टू या आज्ञेविरुद्धचं पत्र छापून आलं. ‘इथून उठून तिकडे जा’ असं सांगणाऱ्या या आज्ञेमुळे प्रोग्रामचा धागा पकडणं अवघड होतं, असं त्यांचं म्हणणं. पत्राचं शीर्षक संपादक निक्लाउस विर्ट यांनी बदलून ‘घातक समजावी’ अशा धाटणीचं केलं. ती धाटणी पुढे इतकी लोकप्रिय झाली की तिच्यावर आजही लेख बेतले जातात. वाद पेटला आणि डिसेंबर १९७३ मध्ये डेटामेशन मासिकात आर. लॉरेन्स क्लार्क यांनी त्यात विनोदाची भर घातली. गो-टू नको ना, मग कम-फ्रॉम घ्या! म्हणजे ज्या ओळीवरून उडी पडणार तिथे काहीच लिहिलेलं नसेल. उडी जिथे पोचते, फक्त तिथेच ‘मी अमुक ओळीवरून आलो’ एवढं सांगितलेलं असेल. वाचणारा वरून खाली शांतपणे येतोय आणि मध्येच त्याच्या पायाखालची जमीन गायब!

हा विनोद मला फार अचूक वाटतो, कारण कोबोल सांभाळणारी माणसं तो तेव्हा प्रत्यक्ष जगत होती. कोबोलमध्ये ऑल्टर नावाची आज्ञा होती. एका ठिकाणी ‘अ परिच्छेदाकडे जा’ असं स्वच्छ लिहिलेलं असायचं. शेकडो ओळी पलीकडे एक ऑल्टर सांगायची की ती उडी यापुढे ब कडे जाईल. म्हणजे कागदावर अ वाचायचं आणि प्रोग्राम ब कडे निघून गेलेला. ही आज्ञा भाषेच्या प्रमाण आवृत्तीतून हटायला २००२ साल उजाडलं. आणि भाषेतून हटली म्हणून जुन्या प्रोग्राममधून हटते असं थोडंच आहे?

आता या घराण्यातल्या सर्वांत प्रसिद्ध कॉमेंटकडे येऊ. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत एका प्रोसेसकडून दुसरीकडे ताबा देणारा भाग आहे. तिथली टीप संपते ती ‘हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही’ या अर्थाच्या ओळीने. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी हा सगळा कोड आणि त्यावरचं भाष्य छापलं. नंतरच्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात असा कोड शिकवण्यावर बंदी आली. मग लायन्स यांच्या पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जगभर फिरल्या आणि ते उघडपणे प्रसिद्ध झालं १९९६ मध्ये. तोवर ती ओळ टी-शर्टांवर चढली होती. तज्ज्ञांचा तोरा म्हणून ती सांगितली जायची.

पण मूळ जागी पाहिलं तर चित्र वेगळं आहे. त्या ओळीच्या आधी ओळीमागून ओळ खुलासा आहे. प्रोसेस मेमरीबाहेर गेल्यामुळे थांबली असेल तर स्टॅक कुठे नेऊन ठेवायचा आणि त्यानंतरचा रिटर्न नेमका कुठल्या फंक्शनमधून होतो, हे नीट सांगितलंय. लोकांनी खुलासा गाळला आणि शेवटची ओळ तेवढी उचलली. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी नंतर स्पष्ट केलं की ‘हे परीक्षेत येणार नाही’ अशा सुरात ते लिहिलं होतं, हिणवायला नव्हे. त्यांनी पुढे आणखी एक कबुली दिली, आणि तिच्यामुळे या माणसाबद्दलचा माझा आदर दुणावला. खरी अडचण ही की आम्हालाच ते पुरतं समजलं नव्हतं, असं ते म्हणाले. ती युक्ती पीडीपी-११ या यंत्राच्या कंपायलरच्या एका सवयीवर उभी होती. युनिक्स इंटरडेटाच्या यंत्रावर न्यायला घेतलं तेव्हा ती कोसळली आणि तो भाग नव्याने लिहावा लागला.

मेलची गोष्ट ही या कॉमेंटच्या गोष्टीची सख्खी बहीण. एड नेदर यांनी ती १९८३ मध्ये लिहिली. रॉयल मॅकबी कंपनीत मेल नावाचा प्रोग्रामर होता. तिथल्या यंत्राची मेमरी म्हणजे फिरता ड्रम, आणि प्रत्येक आज्ञेत पुढची आज्ञा ड्रमवर कुठे आहे तो पत्ता. ड्रम फिरून नेमका डोक्याखाली येईल त्याच क्षणी आज्ञेची गरज पडावी, अशा हिशोबाने मेल हाताने प्रत्येक आज्ञेची जागा ठरवायचा. हे काम यंत्रावर सोपवायला तो तयार नव्हता. तो कंपनी सोडून गेल्यावर त्याचा पत्त्यांच्या खेळाचा प्रोग्राम चूक शोधायला नेदर यांच्याकडे आला. त्यात एक लूप असा होता की ज्यातून बाहेर पडायची अटच नव्हती. तरीही प्रोग्राम बाहेर पडायचा! उलगडा व्हायला दोन आठवडे लागले. लूपच्या प्रत्येक फेरीत मेल त्या आज्ञेतल्याच पत्त्यात भर घालत होता. मेमरीचं टोक आलं की बेरीज ओसंडून शेजारच्या भागात शिरायची, आज्ञाच बदलायची आणि तिची उडी व्हायची, ती बरोबर पुढच्या कामावर. हे सापडल्यावर मेलच्या प्रोग्रामला हात लावायचं नेदर यांच्या मनात राहिलं नाही. आपल्याला चूक सापडत नाही, असं त्यांनी साहेबांना सांगून टाकलं. आधीच्याला शिव्या घालत सुरू झालेलं वाचन असं नमस्कारावर संपलेलंही चालतं, हे ही गोष्ट जपून ठेवते.

कुरकुरीतून उत्सवही निघाला. १९८४ मध्ये लँडन कर्ट नॉल आणि लॅरी बॅसेल हे दोघे नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढत बसले होते. एकाच्या वाट्याला फिंगर हा प्रोग्राम आलेला, दुसऱ्याच्या वाट्याला बॉर्न शेल. स्टीव्ह बॉर्न यांनी मॅक्रो वापरून सी भाषेला अल्गोलचा वेष चढवला होता, त्यामुळे सी जाणणाराही त्या कोडपुढे बुचकळ्यात पडे. आपण काय वाचतोय ते दोघांनी एकमेकांना ऐकवलं आणि त्यातून दुर्बोध सी कोडची आंतरराष्ट्रीय स्पर्धा उभी राहिली. तिथे मुद्दाम न समजणारं लिहिणाऱ्याला बक्षीस मिळतं.

आपल्याकडे हा वारसा आला तो पोटापाण्याच्या वाटेने. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस मुंबईत १९६८ मध्ये सुरू झाली, अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ मध्ये, पुण्यात टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ मध्ये. नव्वदच्या दशकात वायटूकेची लाट आली. साल दोनच आकड्यांत लिहिलेले अमेरिकी बँका आणि विमा कंपन्यांचे कोबोल प्रोग्राम एकेक ओळ वाचून दुरुस्त करायचे होते. कितीतरी ठिकाणी वाचणाऱ्याच्या वयापेक्षा कोडचं वय जास्त होतं. अनेकदा दुरुस्तीही अशी व्हायची : आकडा पन्नासच्या खाली असेल तर साल वीसशेचं धरा, नाहीतर एकोणीसशेचं. हेही पुन्हा तात्पुरतंच. त्या कामाला कमी लेखायची आपल्याकडे फॅशन आहे आणि ती मला मुळीच पटत नाही. लिहिणारा जवळ नाही, कागदपत्र नाहीत, भाषा जुनी, आणि तरीही लाखो लोकांचे हिशोब बिघडू न देता कोड वाचायचा, याला नवं लिहिण्यापेक्षा जास्त कसब लागतं. ‘चालतंय ना, मग हात लावू नकोस’ हे त्या पिढीचं वाक्य आज हिंजवडीतही ऐकू येतं.

आता कुठली ओळ कोणी लिहिली ते यंत्रच सांगतं. गिटमधल्या त्या आज्ञेचं नाव ब्लेम, म्हणजे ठपका. सबव्हर्जन या त्याच्या आधीच्या प्रणालीत त्याच आज्ञेला प्रेझ, म्हणजे कौतुक, असं दुसरं नावही दिलेलं होतं. दोन्ही नावांनी उत्तर एकच येतं : नाव आणि तारीख. ती ओळ तशी का लिहिली, हे दोन्ही सांगत नाहीत.

म्हणून नोटीस पिरियडमध्ये केटी (नॉलेज ट्रान्सफर) देत असलेल्यांना एक विनंती. स्क्रीन शेअर करून ‘हे असंच आहे’ एवढ्यावर सुटका करून घेऊ नका. विनोद जरूर लिहा, वैताग आला असेल तर तोही लिहा. पण त्याच्या वर चार ओळी कारणाच्याही लिहा : कोणाच्या सांगण्यावरून हे केलं, काय मोडत होतं म्हणून केलं आणि कधी काढून टाकता येईल. आणि जे केटी घेत आहेत त्यांनी विनोदाच्या आधीच्या त्या चार ओळी न गाळता वाचाव्यात.