दोन मतांची गोष्ट



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मतदानाच्या हक्काचा इतिहास लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा एक चित्र आले. फेब्रुवारी १९९८, लोकसभेच्या निवडणुकीचे मतदान चालू होते. राष्ट्रपती के. आर. नारायणन हे इतर मतदारांबरोबर रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर मत दिले आणि बाहेर आले. पदावर असताना सार्वत्रिक निवडणुकीत मत देणारे ते पहिले राष्ट्रपती. केरळातल्या एका गरीब दलित घरात जन्मलेला माणूस जुलै १९९७ मध्ये राष्ट्रपतिपदाला पोहोचला होता. त्यांच्या विरोधात माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन उभे होते आणि नारायणन यांना सुमारे ९५ टक्के मते पडली. आपल्या लोकांना तो जुलै महिना दुसऱ्या कारणानेही विसरता येत नाही. १४ जुलैला राष्ट्रपतिपदाचे मतदान झाले आणि त्याच्या तीनच दिवस आधी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली होती.

राष्ट्रपती निवडताना तुम्हा-आम्हाला मत नसते, आमदार-खासदार मत देतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरतात, तेही १९७१ च्या लोकसंख्येवरून. पण फेब्रुवारीच्या त्या रांगेत खुद्द राष्ट्रपतींच्या मताचे मूल्य एक होते, आणि आपल्या गल्लीत धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या बाईच्या मताचेही एकच. एक माणूस, एक मत, एक मूल्य हे आज आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही विशेष वाटत नाही.

मागे एका रविवारी वंदना झाल्यावर एका मुलाने मला विचारले, "सर, आजोबा म्हणतात की आपल्याला पूर्वी दोन मतं होती. खरं का हो?" खरे आहे. किंबहुना ती दोन मते आपल्याला वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या रीतीने मिळाली आणि गेली. ती गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण हक्क कागदावर देऊन नियमात काढून कसा घेतला जातो हे तिच्यातून समजते.

सुरुवात १९१९ ची. मताधिकार कुणाला द्यावा याची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस. ज्याच्याजवळ जमीन नाही, घर नाही, शिक्षण नाही, त्याला मालमत्तेची अट घालून मत नाकारणे म्हणजे आधी लुटायचे आणि मग गरीब म्हणून बाहेर बसवायचे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या सुधारणांत अस्पृश्यांच्या पदरात काय पडले? सरकारने नेमलेले एक-दोन प्रतिनिधी. निवडून देणे नाहीच.

पुढे गोलमेज परिषदा झाल्या आणि ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांचा जातीय निवाडा आला. त्यात आपली पहिली दोन मते होती. एक मत अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघात आपला माणूस निवडायला आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. म्हणजे गावच्या पुढाऱ्यालाही आपल्या दारी मत मागायला यावेच लागले असते. गांधीजींनी येरवड्यात उपोषण मांडले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण दुसरे मत गेले. जागा वाढल्या हे सांगणारे पुष्कळ भेटतात, दुसऱ्या मताबद्दल बोलणारे थोडे. करारात आणखी एक तरतूद होती. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग त्या चारांतून सर्वांच्या मतांनी एक निवडायचा. आधी आपण चाळणी लावायची. पण शेवटचा शब्द ज्यांची संख्या जास्त त्यांचा.

१९३५ च्या कायद्याखाली १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. मताधिकार तेव्हाही सर्वांना नव्हता. इथे एक बारीक गोष्ट आपल्या फायद्याची ठरली. एका मतदारसंघातून दोन-तीन प्रतिनिधी निवडायचे असले की मतदाराला तितकी मते असत, आणि मुंबई इलाख्यात ती सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. या पद्धतीला एकत्रित मतदान म्हणत. मते वेगवेगळ्या उमेदवारांना वाटलीच पाहिजेत असा नियम असता तर आपली अर्धी मते परक्यांच्या पारड्यात गेली असती. बाबासाहेब एकत्रित पद्धतीच्या बाजूने होते ते यासाठीच. संख्येने थोडे असलेल्यांनी आपली सगळी ताकद एका माणसामागे उभी केली तर तो निघतो, असा हा साधा हिशोब आहे.

त्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सतरा उमेदवार उभे केले, त्यातले बहुतेक निवडून आले. मुंबईत भायखळा-परळ भागातून स्वतः बाबासाहेब आले, आणि पडले ते काँग्रेसतर्फे उभे राहिलेले नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू. नाशिककडून दादासाहेब गायकवाड आले. आणि आपल्या जिल्ह्यातून, अहमदनगर दक्षिण मतदारसंघातून, पी. जे. रोहम आले. आपल्या पोरांना दिल्लीच्या मंत्र्यांची नावे पाठ असतात, पण या जिल्ह्यातून १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांच्या बाकावर जाऊन बसलेल्या माणसाचे नाव विचारा, शंभरात एखादा सांगेल. महार वतनाचा प्रश्न गावोगाव जळत होता आणि तो कायदेमंडळात धसास लावायला आपली माणसे प्रथमच मतावर निवडून बसली होती. कुणी नेमलेली नव्हती, हे महत्त्वाचे.

स्वातंत्र्य आले, घटना झाली. कलम ३२६ ने एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळाले (अठरा वर्षे ही अट १९८९ ची). दुसरी एक गोष्ट लोकांच्या फारशी लक्षात नसते. १५ जून १९४९ रोजी घटना समितीत निवडणूक आयोगाचे कलम मांडताना बाबासाहेबांनी मूळ मसुदा बदलला. आधी प्रांतोप्रांती वेगवेगळे आयोग व्हायचे होते. काही प्रांतांत परक्या वंशाच्या, परक्या भाषेच्या लोकांची नावे यादीत येऊ नयेत अशी खटपट चालली आहे, अशा तक्रारी आल्या होत्या. म्हणून त्यांनी सगळ्या देशाला एकच केंद्रीय आयोग ठेवला. यादीतून नाव गाळले की मताचा हक्क आपोआप मेला, हे त्यांनी आधीच ओळखले होते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत तसेच घडले. उत्तरेकडच्या राज्यांत अनेक बायकांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितले, आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून काढावी लागली.

आता त्या पोराच्या आजोबांची दोन मते. पहिल्या निवडणुकीत काही मतदारसंघ दोन जागांचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले. पण आता नियम उलटा झाला होता, दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एकच मोजायचा आणि दुसरा बाद. १९३७ साली जे शहाणपण होते ते १९५२ साली चूक ठरले.

मुंबई शहर उत्तर या दोन जागांच्या मतदारसंघातून बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे हत्ती चिन्हावर उभे राहिले आणि सर्वसाधारण जागेला समाजवादी पक्षाचे अशोक मेहता झाड चिन्हावर. दोन्ही पक्षांचा समझोता होता. आमचे थोरले चुलते तेव्हा मुंबईला गिरणीत होते आणि त्या मतदारसंघात त्यांचे नाव होते. ते सांगत, "आम्हाला मास्तरांनी आठ दिवस घोकून घेतलं होतं. एक कागद हत्तीत, एक झाडात. दोन्ही हत्तीत टाकला तर बाबांचं नुकसान." काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. चौदा हजार पाचशे एकसष्ट मतांनी घटनेचा शिल्पकार पडला. आणि बाद धरलेल्या मतपत्रिका किती होत्या? बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक अर्जात आकडा दिला तो ७४,३३३. फरकाच्या पाचपट. कम्युनिस्टांनी दुसरे मत मुद्दाम वाया घालवा असा प्रचार केला, ही त्यांची मुख्य तक्रार होती. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. पुढे १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेब पडले. त्यांना लोकसभेत कधीच जाता आले नाही, हे आपण पुतळ्याला हार घालताना विसरतो.

इथे मला एक स्पष्ट लिहावेसे वाटते. बाबासाहेब पडले यात आपल्या समाजाने गद्दारी केली, अशी जी कुजबुज अधूनमधून ऐकू येते तिला या आकड्यांत आधार नाही. सव्वा लाखाच्या जवळपास मते पडली होती. नियमाची बाजू आणि विरोधकांचे डावपेच यांचा अभ्यास न करता आपल्याच माणसांवर दोष टाकणे सोपे असते, एवढेच.

१९५७ ला मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत फेडरेशनला चांगले यश आले, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. कोपरगाव मतदारसंघातून ॲड. बी. सी. कांबळे लोकसभेवर गेले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड होतेच. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले आणि दोन मतांची गोष्ट तिथे संपली.

पण तोवर आपल्यापुढे दुसरेच संकट उभे राहिले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण बौद्ध झालो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत फक्त हिंदू, आणि १९५६ पासून शीख, धरले जात. बौद्ध माणसाला मत देता येई, सर्वसाधारण जागेवर उभेही राहता येई, पण राखीव जागेवर नाही. नागपूरच्या राखीव जागेवरून १९६२ ला निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांच्यावर असाच खटला झाला. प्रश्न एकच होता : या माणसाने धम्मदीक्षा घेतली आहे की नाही? १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घेतली आहे, जाहीरपणे आपण बौद्ध आहोत असे सांगणे पुरेसे आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत आणि राखीव जागेवर उभे राहण्यास पात्र नव्हते. बावीस प्रतिज्ञा घेतल्याची ही किंमत होती. राज्य सरकारने नोकरी-शिक्षणाच्या सवलती पूर्वीच दिल्या होत्या, पण ही अट १९९० साली, व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात कायदा बदलला तेव्हाच निघाली. चौतीस वर्षे गेली. ज्यांनी त्या काळात दाखल्यासाठी कागदावर 'हिंदू महार' लिहिले त्यांना नावे ठेवायला मी तयार नाही, आणि ज्यांनी नुकसान सोसून 'बौद्ध' लिहिले त्यांच्यापुढे मान झुकते.

निवडणुकीत खोटेपणा झाला तर दाद मागता येते, हेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १९९१ च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीत यशवंतराव गडाख निवडून आले. बाळासाहेब विखे पाटील कोर्टात गेले, आणि प्रतिस्पर्ध्याविषयी खोटी विधाने केल्याच्या कारणावरून १९९३ साली ती निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्दच ठेवली. मोठ्यांचा खटला होता, वकील मोठे होते. गरिबाच्या हातून असा खटला चालला असता का, हा प्रश्न वेगळा.

राखीव जागांचे म्हणाल तर, पूर्वी कर्जत विधानसभा राखीव होती. २००८ च्या पुनर्रचनेनंतर श्रीरामपूर विधानसभा आणि शिर्डी लोकसभा राखीव झाली. २००९ ला शिर्डीतून रामदास आठवले पडले तेव्हा आपल्या वस्तीत दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती. मला त्यात १९३२ चीच गाठ दिसली. जागा आपली, मते बहुतेक इतरांची, आणि निकाल त्यांच्या हातात. याला उलट उदाहरणही आहे. १९९८ ला आठवले, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे सर्वसाधारण जागांवरून लोकसभेत गेले होते. ती एकी किती टिकली ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर इथे लिहीत नाही.

गेल्या निवडणुकीआधी आपल्या विहारात मतदार यादीचे वाचन ठेवले होते. चार-पाच बायका आल्या, त्यांतल्या एका आजींचे नाव यादीत नव्हते. ऊसतोडीला सहा महिने बाहेर, तेवढ्यात कुणीतरी 'स्थलांतरित' म्हणून शेरा मारला असावा. सहा नंबरचा फॉर्म भरला, फोटो चिकटवला. आजींना सही येत नव्हती. अंगठा घ्यायला शाईचा पॅड आणला तर त्या म्हणाल्या, "थांब बाबा, मी नाव काढायला शिकलेय." आणि अर्धा पाऊण तास लावून त्यांनी ते काढले.