कोसा, ऐन आणि नावांचा घोळ

टसर रेशमाचा इतिहास सांगणारे बहुधा विणकराच्या मागापासून आरंभ करतात. आम्ही तो झाडापासून करणार आहो. कारण पतंगाच्या नुसत्या पंखांवर भरवसा ठेवणारांची येथे पुष्कळ फसगत होते.

टसरच्या पतंगाला चारही पंखांवर काचेसारखा पारदर्शक डोळा असतो. पण तसला डोळा आसामच्या मुग्यालाही असतो आणि हिमालयातल्या ओकवरच्या पतंगालाही. उलट टसरचा नर विटकरी, तर मादी बहुधा पिवळसर किंवा करडी. दोघे निरनिराळ्या पेट्यांत ठेवले तर कोणीही दोन जाती मोजील!

ड्रुरी या इंग्रजाने १७७३ साली यास 'मायलिट्टा' नाव दिले. पुढे १८०४ मध्ये रॉक्सबर्गसाहेबांनी बंगालच्या टसरवर लेख छापला, पण पतंगाला लिनीयसच्या 'पॅफिया' या जुन्या नावात बसविले. तो घोळ दीर्घकाळ चालला. त्यांची खरी कामगिरी निराळीच. टसरची अळी बोरीवर आणि ऐनावर, एरीची एरंडावर, हे त्यांनी लिहून ठेवले. ही माहिती संग्रहालयाच्या पेटीत सापडत नाही. ती कावळ्यांपासून अळ्या राखीत रानात बसणाऱ्या माणसांपाशी असते, आणि त्यांची नावे जातीच्या नावापुढे कधी लागत नाहीत.

१८३७ साली हेल्फरने मुग्याला निराळे नाव दिले. त्याची झाडे सोम आणि सोआलू. कोसाही साक्ष देतो. टसरची अळी फांदीला कडे घालून टणक देठाने कोसा टांगते. मुग्याला असा पक्का देठ नाही, आणि एरीचा कोसा एका टोकाला उघडाच असतो.

हेच झाड पुढे पोटाचा प्रश्न झाले. १८७८ च्या वनकायद्याखाली राखीव जंगले आखली गेली. ऐन म्हणजे इमारती लाकूड. सरकारदप्तरी ते घनफूट, भंडारा-चांद्याकडच्या ढिवरांच्या लेखी अळीचे ताट. गिरणीचा दरवाजा बंद झाला म्हणजे काय होते हे आम्ही जाणतो. येथे तर झाडच गिरणी!

बस्तरच्या सालवनातला 'रैली' आणि ऐनावरचा 'भंडारा' यांचे कोसे एकसारखे नाहीत, तरी आजचे शास्त्र दोघांनाही मायलिट्टाचेच स्थानिक प्रकार मानते. रैलीचा कोसा मुख्यतः रानातून वेचतात. भंडाऱ्याची अळी ऐनावर चढवून राखावी लागते.