क्रीडागुरू फ्रँक लेही यांचे चरित्र

पॅरिशच्या महोत्सवी स्मरणिकेत सातासमुद्रापलीकडील एका क्रीडाशिक्षकाचे चरित्र कशासाठी, असे काही वाचक आम्हांस पुसतील. आमचे उत्तर सरळ आहे. कॅथलिक विद्यालयात खेळाचे स्थान कोणते असावे, हा वाद आम्ही पालकांच्या तोंडून नित्य ऐकत आलो आहो. अमेरिकेतील फ्रँक लेही यांच्या आयुष्यात हा वाद अगदी टोकास गेला होता. म्हणून त्यांची हकीकत आमच्या तरुण मंडळींपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

लेही यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी नेब्रास्का संस्थानातील ओनील या गावी झाला व बालपण साउथ डकोटातील विनर या खेड्यात गेले. पुढे ते इंडियाना संस्थानातील नोत्र दाम विद्यापीठात शिकावयास गेले. हे विद्यापीठ पवित्र क्रूस संघाच्या फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली स्थापिले. याच संघाचे मिशनरी १८५३ पासून बंगालमध्ये सेवा करीत आले, तेव्हा ते आपणांस अगदीच परके नव्हेत.

तेथील फुटबॉल म्हणजे आमची मुले पायांनी खेळतात तो खेळ नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावावयाचे असते, आणि अंगास अंग भिडते. लेही यांचे गुरू क्नूट रॉक्नी हे या खेळातील महापुरुषच होते. १९३० साली गुडघा दुखावल्यामुळे लेही यांचा खेळ संपला. परंतु त्या सुमारास उपचारार्थ ते व रॉक्नी रॉचेस्टर येथील मेयो रुग्णालयात एकाच खोलीत राहिले. शिष्याचे खरे शिक्षण त्या खोलीत झाले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे थोड्याच महिन्यांत, ३१ मार्च १९३१ रोजी, रॉक्नी विमान-अपघातात मरण पावले.

त्यानंतर लेही यांनी जॉर्जटाउन, मिशिगन स्टेट व फोर्डम येथे दुय्यम शिक्षक म्हणून काम केले. १९३९ साली ते येशूसंघीयांच्या बोस्टन कॉलेजात मुख्य शिक्षक झाले. तेथे दोन वर्षांत २२ सामन्यांपैकी २० जिंकून १९४१ मध्ये ते स्वतःच्या मातृसंस्थेत परतले.

तो काळ महायुद्धाचा होता. तरुण रणांगणावर गेल्यामुळे विद्यापीठाचे वर्ग ओस पडण्याची वेळ आली. तेव्हा अमेरिकन नौदलाने नोत्र दामच्या आवारात अधिकाऱ्यांची शाळा चालविली, आणि १९४२ ते १९४६ या काळात सुमारे १२,००० अधिकारी तेथून शिकून बाहेर पडले. संस्था तरली ती या आधारावर. ते ऋण स्मरून विद्यापीठाने नौदल अकादमीशी वार्षिक सामना पुढेही चालू ठेविला. १९६४ पासून २००६ पर्यंत लागोपाठ ४३ वेळा नौदलाचा संघ हरला, तरीही सामना मोडला नाही. कृतज्ञता कशी पाळावी याचे हे उदाहरण आम्हांस कोणत्याही विजयापेक्षा अधिक भावते.

१९४३ साली लेही यांच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. वास्तविक त्यांचा प्रमुख खेळाडू अँजेलो बर्टेली सहा सामन्यांनंतर सैन्यात गेला होता. पुढे लेही स्वतः नौदलात लेफ्टनंट झाले. पॅसिफिक महासागरात पाणबुड्यांवर काम करणाऱ्या खलाशांसाठी खेळ व करमणूक यांची व्यवस्था करणे, हे त्यांचे काम होते. कोणास ते हलके वाटेल. परंतु समुद्राच्या तळाशी आठवडेच्या आठवडे कोंडून राहिलेल्या माणसास उन्हात धावावयास मिळणे म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक! इकडे त्यांच्या गैरहजेरीत १९४४ साली लष्कराच्या संघाने नोत्र दामला ५९–० असे लोळविले.

ते परतले आणि चित्र पालटले. १९४६ ते १९४९ या चार वर्षांत त्यांचा संघ एकदाही हरला नाही. ३६ विजय व २ बरोबरी, आणि तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे.

आता कटू भाग सांगितला पाहिजे. हे यश फुकट आले नव्हते. लेही यांस आठ अपत्ये होती. तथापि हंगामात ते कित्येक रात्री घरी न जाता विद्यापीठाच्या आवारातच काढीत. विद्यापीठाच्या धर्मगुरूंस वेगळीच चिंता लागली होती. आपली संस्था विद्येसाठी ओळखली जावी, चेंडूसाठी नव्हे, असे त्यांस वाटू लागले व त्यांनी खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या कमी केल्या. १९५० साली संघाने चार सामने गमावले.

२४ ऑक्टोबर १९५३ रोजी जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात लेही कोसळले. प्रकृती इतकी चिंताजनक दिसली की फादर एडमंड जॉइस यांनी त्यांस अंतिम तैलाभ्यंग दिला. ईश्वरकृपेने ते वाचले. परंतु पुढे चारच आठवड्यांनी, आयोवाविरुद्धच्या सामन्यात, त्यांच्या संघातील खेळाडूंनी घड्याळ थांबविण्यासाठी दुखापतीचे सोंग करून अंग टाकले; पूर्वार्धाच्या शेवटी एकदा, व सामन्याच्या शेवटी पुन्हा. दोन्ही वेळी त्यातून गुण मिळाले आणि सामना १४–१४ असा बरोबरीत सुटला. वर्तमानपत्रांनी झोड उठविली. ही युक्ती पुष्कळ संघ योजीत, असा बचाव करण्यात आला, व तो खोटा नव्हता. परंतु संत थॉमस अक्वायनस शिकवितात की असत्य जसे वाणीने तसेच कृतीनेही बोलता येते. सेमिनरीत हा धडा आम्ही गिरविला तेव्हा तो रुक्ष वाटला होता. या प्रसंगात तो सजीव होऊन उभा राहतो. एवढ्या मोठ्या गुरूस विद्यार्थ्यांकडून असे करून घेण्याची गरज का वाटावी? आमच्या मते, हरणे म्हणजे काय हेच ते विसरले होते.

३१ जानेवारी १९५४ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला. त्या वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग होते. त्यांनी लेही यांच्या जागी २५ वर्षांच्या टेरी ब्रेनन या लेही यांच्याच शिष्यास नेमले.

लेही यांनी मुख्य शिक्षक या नात्याने एकूण १०७ सामने जिंकले, १३ गमावले व ९ बरोबरीत सोडविले. या प्रमाणात त्यांच्यापुढे होते ते एकटे रॉक्नी, ज्यांच्या शेजारच्या खाटेवर ते एके काळी निजले होते. १९७० साली त्यांचा राष्ट्रीय सन्मान झाला, आणि २१ जून १९७३ रोजी ऑरेगॉनमधील पोर्टलंड येथे त्यांनी देह ठेविला.