फळीवरचे स्टेशन

महाडचे चवदार तळे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून निघाले, ते बोटीने दासगावला उतरले आणि प्रतिनिधींसह पुढे महाडला पायी गेले. आगगाडी तेव्हा इकडे नव्हतीच. दासगावजवळच्या वीर स्टेशनात ती आली १९९३ साली. सबंध कोकण रेल्वे सुरू झाली १९९८ साली. पुण्यात जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले, तेही त्याच साली.

आता गुरुजी, मुलांना स्टेशनातले शंटिंग समजवायचे कसे? अहो, ते एका फळीवर मावते! ॲलन राइट या इंग्रज गृहस्थांनी त्याचा आराखडाच करून ठेवला आहे. सांधे दोन, रूळ तीन. लांब रुळावर पाच वाघिणी मावाव्यात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. सांध्यापलीकडच्या तुकड्यावर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि निघालेल्या क्रमानेच लांब रुळावर गाडी जोडायची. असे क्रम होतात ६,७२०!

म्हणून आधी वाघीण मोजा, मग रूळ आखा. जागा सैल सोडलीत तर कोडे उरणार नाही. इंजिन विजेचे नसले तरी चालेल. पुठ्ठ्याचे करा, हाताने ढकला. आणि पहिल्या दिवशी सांधेवाला म्हणून मागच्या बाकावरच्या मुलाला पुढे बोलवा. गाडी अडली की सगळा वर्ग त्याच्याकडेच पाहील.